चहाच्या सुट्टीत तो काय बोलायचा

३ सप्टेंबर, रविवार

एकटीने बोलायचं म्हणे!

चर्चमधली मिस्सा संपल्यावर फादरांनी दारातच गाठलं. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लग्न ठरलेल्या जोडप्यांचं शिबिर आहे आणि एका तासाला बोलायला कोणीच नाही. तो तास आमचा. कुटुंबनियोजनाचा — गोळ्या नाहीत, साधनं नाहीत, बाईच्या शरीराचं चक्र ओळखायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. चर्चला मान्य असलेला तेवढाच मार्ग. इथे पहिल्यापासून नियम असा की हा तास जोडप्यानेच घ्यायचा. एकटा माणूस चालत नाही, फादर तर नाहीच नाही. म्हणून गेल्या वर्षी नवरा गेला तेव्हापासून तास बंद आहे.

"वरून परवानगी आणलीय," फादर म्हणाले. "विधवा चालेल म्हणतात."

चालेल! जशी काही मी मुदत उलटलेली औषधाची बाटली.

"वकीलबाई, तुमच्यासारखं कोण बोलणार?" हे त्यांनी वर जोडलं. तरुण आहेत, पण मुरलेत. स्तुतीला मी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नाही. होकार देऊन मोकळी झाले.

घरी येऊन कागद पुढे ओढला. भाषणाचं पहिलं वाक्य गेली तीस-पस्तीस वर्षं तेच आहे — "आम्ही दोघं हे मानतो, म्हणून तुमच्यासमोर उभे आहोत." हात पहिल्या शब्दावर अडला.

मी मानते. कोणाही समोर, कुठल्याही व्यासपीठावर, पुराव्यानिशी. पण तो? तो फळ्याजवळ खडू घेऊन उभा असायचा. मी बोलायचे, तो बाईच्या रोजच्या तापमानाचा आलेख काढायचा — रेघ चढून तशीच राहिली की मूल राहायचे दिवस सरले. एवढ्या वर्षांत वर्गात त्याने एक वाक्य उच्चारलेलं नाही. त्याच्या वतीने साक्ष मी देत आले. कोर्टात याला ऐकीव पुरावा म्हणतात. ऐकीव तरी कसला — मी तर कधी ऐकलंच नव्हतं!

४ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर तोच एक शब्द. कागद कोरा.

६ सप्टेंबर, बुधवार

आज कपाटं पुसताना म्हातारे फादर आठवले. आमचं लग्न लावलेले. कधीच गेले बिचारे.

मी तेव्हा नुकतीच सनद घेतलेली, चोविशीची, जिभेवर निखारे. लोकसंख्येवरची जाडजूड पुस्तकं वाचलेली, बायकांच्या चळवळीची पत्रकं पाठ, आणि या विषयावरचं पोपमहाशयांचं पत्र तर तांबड्या शाईने रेघा मारून चाळण केलेलं. लग्न ठरलं तशी म्हाताऱ्या फादरांना नेस्तनाबूत करायला निघाले. तो सोबत आला, पण बाहेरच्या बाकावरच बसला. दाराची कमान त्याला आवडायची, ती कागदावर उतरवत. नगरपालिकेच्या पाणीखात्यात नकाशे काढायचा. जे दिसेल ते कागदावर उतरवायची सवयच होती.

मी आत गरजले — "बाईच्या पोटाचा निर्णय घेणारे सगळे पुरुष, आणि सगळेच्या सगळे अविवाहित!"

फादर झाडांना पाणी घालत होते. म्हणाले, "हो गं. आहे खरं तसं. पुढे बोल."

पुढे बोल! मला तोवर सगळ्यांनी 'पुरे कर' म्हटलेलं. तीन संध्याकाळी बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला आणि विचारलं, "तुमच्या कोर्टात साक्षीदार गप्प राहिला तर?"

"काही प्रश्नांना गप्प राहण्याचा त्याला हक्क आहे."

"आणि खोटं बोलला तर?"

बस. मला दिसलं. नवरा-बायकोनं जवळ येणं हे बोलणंच आहे — अंगाने दिलेला शब्द. मी सगळीच्या सगळी तुझी, आपल्यातून जे येईल त्याच्यासकट. मूल नको असेल त्या दिवसांत दूर राहणं म्हणजे गप्प राहणं. त्यात खोटं काही नाही. जवळ येऊन मध्ये अडसर घालणं म्हणजे शब्द द्यायचा आणि त्याच श्वासात परत घ्यायचा. आणि म्हणूनच नुसती मोजदाद पुरत नाही. दूर राहायलाही कारण तोलामोलाचं लागतं, नाहीतर गप्प राहणं हाही कावाच. या युक्तिवादाला आजवर कोणी छेद देऊ शकलेलं नाही. प्रयत्न पुष्कळांनी केले.

परतताना मी त्याला सगळं सांगितलं. चालता चालता, हातवारे करत, रस्ता अडवून. "मला पटलं!" म्हणाले.

तो म्हणाला, "बरं."

एवढंच. बरं. मी त्याचा होकार धरला. कायद्याची पदवी घेतलेली बाई मी — 'बरं'चा होकार धरला!

९ सप्टेंबर, शनिवार

लेकीचा फोन. ती प्रसूतिगृहात नर्स आहे. या विषयावर तिचं माझं पटत नाही आणि दोघींनाही भांडायला आवडतं.

"आई, तुझी सगळी पद्धत नवरा चांगला असेल तरच चालते."

"नवरा चांगला नसेल तर कुठली पद्धत चालते गं?"

"गोळी चालते."

हिने वकील व्हायचं होतं! "आमच्याकडे येतात त्या बायका बघ एकदा," म्हणाली. "दारू पिऊन आलेल्याला आलेख दाखवणार का?" मी म्हटलं, अशाला गोळी देऊन सुधारतेस की त्याची सोय करतेस? मग दोघी तापलो, मग दोघी हसलो. नेहमीचंच.

शेवटी तिला सांगितलं, 'आम्ही' या पहिल्या शब्दावरच हात अडलाय. वाटलं, थट्टा करील. केली नाही. मग —

"बाबा बोलायचे की. चहाच्या सुट्टीत."

"कोणाशी?"

"पुरुषांशी. तू बायकांच्या घोळक्यात असायचीस. बाबा सगळ्या नवऱ्यांना घेऊन मागच्या व्हरांड्यात जायचे. मी चहाचा ट्रे घेऊन गेले की सगळे एकदम गप्प. एकदा तर सगळे मोठ्याने हसत होते."

तो? हसवत होता? बारा-पंधरा पुरुषांना?

हे मला माहीत नाही. त्याच्याबद्दल मला माहीत नसलेली एक गोष्ट आहे, आणि ती गावभरच्या पुरुषांना माहीत आहे. तिथे तो काय बोलला ते कळल्याशिवाय मी 'आम्ही' म्हणणार नाही. ठरलं.

११ सप्टेंबर, सोमवार

पहिला साक्षीदार: बेकरीवाला. आमच्या अगदी जुन्या तुकडीतला. ह्याची गोष्ट सगळ्या चर्चला ठाऊक आहे. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी तापमान घ्यायचं, असं आम्ही शिकवलेलं. हा पठ्ठ्या लग्नानंतर महिनाभर स्वतःचंच घेत होता! बायकोला कशाला त्रास, म्हणून. आलेख तपासायला आणला, तर माझ्या नवऱ्याने नुसता पाहिला आणि विचारलं, "ह्या दिवशी भट्टीजवळ होतास का?" तेव्हा उलगडा झाला. त्या दिवशी मी वर्गात हसून हसून खुर्चीवर बसले होते.

आज दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी सरळ विचारलं, "चहाच्या सुट्टीत माझा नवरा तुम्हाला काय सांगायचा?"

पाव कापता कापता सुरी थांबली. कानाच्या पाळ्या लाल. सत्तरी ओलांडलेला माणूस!

"काही नाही हो बाई. आपलं… हवापाण्याचं."

"हवापाण्याचं ऐकून तुम्ही मोठ्याने हसायचात?"

"बाई, मी काय कोर्टात आहे का?"

"आहात."

"मग मला गप्प राहायचा हक्क आहे. तुम्हीच शिकवलंय."

माझंच हत्यार माझ्यावर! वर हातात गरम पाव कोंबला आणि पैसे घेईना. जाताना एवढंच म्हणाला, "चष्मेवाल्याला विचारा. त्याला लाज कमी आहे."

१४ सप्टेंबर, गुरुवार

चष्मेवाल्याकडे गेले. दुकान खाली, घर वर. तो गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होता म्हणून त्याच्या बायकोने मला वर नेलं. लखलखीत बाई. आमच्या वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न हिचे असायचे.

बसायला स्टूल दिलं. बसले तर डुगडुगलं.

"जपून हं बाई. हे पहिलं आहे. ह्याच्या पुढची बरी झाली."

"कसलं पहिलं?"

"स्टूल! आमच्या ह्यांनी केलेलं. तुमच्या मिस्टरांनी, आमच्या दादांनी शिकवलेलं ना." मग माझ्या तोंडाकडे बघून तिने हातातला कप खाली ठेवला. "अगं बाई. तुम्हाला माहीत नाही?"

आणि तिने सांगितलं. हसत, पदराने डोळे पुसत, मध्ये मध्ये दार बंद आहे ना ते बघत. दूर राहायचे जे दिवस असतात, त्या दिवसांत पुरुषाने करायचं काय — याबद्दल वर्गात कोणी बोलायचं नाही. मी संयम म्हणायचे, सद्गुण म्हणायचे, आत्म्याची मशागत म्हणायचे. आणि मागच्या व्हरांड्यात तो त्यांना सांगायचा — लाकूड घ्या. आंब्याचं, फणसाचं, खोक्याचं, मिळेल ते. करवत चालवा. खिळा न मारता चार पाय बसवून दाखवा. घामाघूम व्हा आणि जेवून झोपा.

"माझा नवरा तर म्हणतो, दादांनी आम्हाला संयम शिकवला नाही, सुतारकी शिकवली."

"किती झाली तुमच्याकडे?"

"स्टुलं तीन."

"आणि मुलं?"

"पाच." मग तीच खो खो हसत सुटली. "लाकूड कमी पडलं, बाई!"

तेवढ्यात चष्मेवाला वर आला. आम्हा दोघींना बघून जिन्यातच वळला. "अहो, या इकडे! बाईंना सगळं कळलंय!" — "मग मला कशाला बोलावतेस?" असं म्हणत खाली पळाला.

उतरताना दुकानात त्याला अडवलंच. "ते स्वतःबद्दल काय म्हणायचे? त्यांना हे सगळं पटलेलं होतं का?"

तो चष्म्याची काच पुसत राहिला. "पटण्याबिटण्याचं नाही कधी बोलले. कठीण जातं, असं म्हणायचे. आम्हाला बरं वाटायचं. तुम्ही बोलायचात तेव्हा वाटायचं हे संतांचं काम आहे. ते बोलायचे तेव्हा वाटायचं, माणसालाही जमेल."

१६ सप्टेंबर, शनिवार

घरात फिरते आहे. नव्या नजरेने.

स्वयंपाकघरातलं फडताळ. मुलांचं झुलतं घोडं. पायरीचं स्टूल. खिडकीखालचं लांब बाक. आणि कपाटं — माझ्या पुस्तकांची कपाटं! हॉलची एक भिंत अख्खी, मग पलंगामागची, मग जिन्याखाली. मी पुस्तकं आणत गेले, तो फळ्या ठोकत गेला. मी म्हणायचे, काय छंद आहे ह्याला! पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे. मागच्या शेडमधून करवतीचा आवाज यायचा आणि मी इथे खुर्चीत पाय वर घेऊन वाचत असायचे.

धर्मशास्त्राचं कपाट कुठल्या महिन्यातलं, कायद्याचं कुठल्या महिन्यातलं? माझी सगळी विद्वत्ता त्या माणसाच्या थांबण्यावर उभी आहे, शब्दशः.

हसले. मग रडले. मग सागवानी कपाटाच्या कडेला गाल टेकून उभी राहिले. किती गुळगुळीत केलंय. कानाकोपराही सोडला नाही. या कपाटाला बराच वेळ लागला असणार.

२० सप्टेंबर, बुधवार

राग आलाय!

कठीण जातं, हे त्याने बेकरीवाल्याला सांगितलं. चष्मेवाल्याला सांगितलं. दर तुकडीत नव्या नव्या पोरांना सांगितलं. मला नाही. मी एका भिंतीपलीकडे होते!

मी विचारायचे ना. "बरं आहे ना रे?" तो म्हणायचा, "बरं आहे." पुन्हा तेच बरं.

आणि करवत चालवल्याशिवाय जे पेलत नव्हतं, ते त्याचं होतं की माझं? विश्वास एकाचा आणि कष्ट दुसऱ्याचे, असं झालं का? मग ते 'आम्ही' कुठलं? मी त्याला माझ्या मताच्या गाड्याला जुंपलं आणि वर टाळ्याही मीच घेतल्या, असं तर नाही?

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, बाबा तुला थोडे घाबरायचेच." थट्टेत म्हणाली. पण म्हणाली.

२३ सप्टेंबर, शनिवार

फादरांना सांगून आले — मी बोलणार नाही.

कार्यालयात ते संगणकाशी झटापट करत होते. ऐकून घेतलं. "कारण?"

"माझ्या साक्षीदाराचा भरवसा नाही."

त्यांना काय कळलं कोण जाणे. डोकं खाजवलं. "वकीलबाई, मग मी काय करू? मी बोललो तर पोरं म्हणणार, फादर, पोहता न येणारा पोहण्याचा शिक्षक. आता व्हिडिओ लावतो."

मला दाखवला. एक जोडपं, पांढरेशुभ्र दात, समुद्राकाठी चालतंय. तो तिच्या खांद्यावर हात ठेवतो, ती लाटांकडे बघून हसते, मागे पियानो. "आम्हाला कधीच अडचण आली नाही," असं तो म्हणतो. कधीच! त्याच्या हातावर एक ओरखडा नाही. मला त्या पडद्यात हात घालून त्याला बाहेर ओढावंसं वाटलं.

"हे लावू नका," म्हटलं.

"मग तुम्ही या."

"नाही."

"मग हेच."

२४ सप्टेंबर, रविवार

मिस्साला मागच्या बाकावर बसले. फादरांनी पाहिलं. नजर मी चुकवली.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळ. उजाडलंय, पण ऊन अजून खिडकीत नाही. हीच ती वेळ.

तो आधी उठायचा. थर्मामीटर झटकण्याचा तो आवाज — सप् सप् — त्यानेच मला जाग यायची. डोळे मिटलेलेच, मी तोंड उघडायचे. मग पाच मिनिटं बोलायचं नाही. दिवसातली तेवढीच पाच मिनिटं मी बोलत नव्हते. तो म्हणायचा, "आता मी बोलतो." आणि बोलायचा! काल पाइप कुठे फुटला, शेजारच्या मांजरीला किती पिल्लं झाली, आज कुठली भाजी आणू. मी नुसतं हुं हुं करायचे, तोंडात काच. मग काढून खिडकीशी न्यायचा, चष्मा कपाळावर चढवून बघायचा आणि आकडा असा सांगायचा की जणू निकाल वाचतोय.

आलेखाचे कागद टाकून दिले, ते दिवस जुने झाले. ती पाच मिनिटं कुठून आणू? आता तोंड रिकामं आहे आणि बोलणारं कोणी नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

बसड्रायव्हर परत आलाय. मुलाकडे होता, दोन महिने. आमच्या पहिल्या तुकडीतला, आणि पुढे माझ्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. शेडमध्ये येऊन बसायचा, बोलायचे दोघेही कमीच. खरा साक्षीदार हाच. दोन दिवस जाऊ की नको केलं. गेले.

तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. गुडघे गेलेत. मी उभीच राहिले.

"वहिनी, बसा की."

"आधी सांगा. त्यांना हे पटलेलं होतं का? चर्चचं शिकवणं, मी शिकवते ते — मानायचे का ते?"

ड्रायव्हर लोक रस्त्यावर बघत बोलतात. हाही समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"खरं सांगू?"

"खोटं ऐकायला एवढी चालत आले नाही."

"नाही," तो म्हणाला. "मी विचारलं होतं एकदा. म्हणाला, मला त्या पत्रातलं फारसं कळलं नाही रे. तिने किती वेळा समजावलं. माझं डोकं नकाशाचं. पण तिला पटलंय, आणि ती उगाच काही मानत नाही. तिच्यासाठी करतो."

मी बसले.

तो पुढे बोलत राहिला, मला बरं वाटावं म्हणून. "खुशीत असायचा पण. तुम्ही शेडच्या दारात येऊन काहीतरी म्हणायचात ना, दिवस संपले की? 'कोर्ट उठलं' का काय? ते आम्हाला सांगायचा. आम्ही लई हसायचो. म्हणायचा, तेवढं ऐकलं की रंधा आपोआप हातातून सुटतो."

कोर्ट उठलं! हे सगळ्या व्हरांड्याला माहीत होतं! कानापर्यंत तापले, या वयात.

हो, म्हणायचे मी. आलेख चढला, चढलेलाच राहिला, दूर राहायचे दिवस सरले, की संध्याकाळी शेडच्या दारात जायचे. दोन्ही हात चौकटीला, आवाज अगदी न्यायाधीशाचा. तो मान वर न करता फळीवर फुंकर मारायचा, बाह्यांवरचा भुसा झटकायचा, दिवा बंद करायचा. सावकाश. मुद्दाम सावकाश. मी पाय आपटायचे.

पण निकाल लागला. तिच्यासाठी करतो.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

फादरांना कळवलं. बोलेन. तो व्हिडिओ नको, आणि खोटंही नको.

८ ऑक्टोबर, रविवार

झालं.

सहा जोडपी. पोरी समोर, पोरं खुर्चीत घसरून, जमेल तितकी मागे. फळा कोरा. आलेख मीच काढला — ती रेघ वाकडी आली, आणि पोरं हसली. हसू दिलं.

"मी हे मानते," अशी सुरुवात केली. एकवचनात. पुढचं सगळं नेहमीसारखंच. घसा साथ देतो अजून. साक्षीदाराचं सांगितलं, गप्प राहणं आणि खोटं बोलणं सांगितलं. अंगात वारं भरल्यासारखं झालं, जुन्यासारखं. चार वेळा टेबल बडवलं.

मग एक मुलगी उठली. बारीकशी, पण नजर सुईसारखी. "आणि तुमचे मिस्टर? ते मानायचे?"

हातातला खडू खाली ठेवला.

"नाही," म्हटलं. "त्यांना पटलेलं नव्हतं. माझ्यासाठी करायचे. मला हे तीन दिवसांपूर्वी कळलं."

मागून एक पोरगा सरळ होऊन बसला. "मग जमलं कसं त्यांना?"

आणि मी सांगितलं. फडताळ, घोडं, कपाटं, चष्मेवाल्याची स्टुलं. अशी हसली पोरं! पोरी आपापल्या जोडीदाराकडे बघायला लागल्या, पोरं आपल्या हातांकडे. शेवटच्या रांगेत बेकरीवाला येऊन बसला होता, मला कळलंही नव्हतं. तो नाक शिंकरत होता.

फादर म्हणाले, इतकं चांगलं कधीच झालं नव्हतं. असेल. बोलणं जिंकलं. मी हरून घरी आले. पस्तीस वर्षं दोघांच्या नावावर लढवलेला खटला, आणि पक्षकार मी एकटीच.

लेकीचा फोन आला तो घेतला नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

जिन्याखालचं कपाट. आज त्यातली पुस्तकं काढताना लक्षात आलं — हे मी साठ पूर्ण केली त्या वर्षीचं. तोवर माझी पाळी थांबून कितीतरी वर्षं झाली होती. थर्मामीटर देऊन टाकला होता. दूर राहायचं काही कारणच उरलं नव्हतं, ना चर्चसाठी, ना माझ्यासाठी. तरी महिन्यातले काही दिवस तो शेडमध्ये जाऊन बसायचा, आणि मी दारात जाऊन 'कोर्ट उठलं' म्हणेपर्यंत उठायचा नाही. आणि मी जायचे. दर महिन्याला. तो गेला त्याच्या आदल्या महिन्यापर्यंत.